झोपेची साक्ष: प्रयोगशाळेपासून खेळाडूच्या मनगटापर्यंत

खेळाडू रात्री दहाला अंथरुणावर पडला, सकाळी सहाला उठला. तो झोपला किती? या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःलाही देता येत नाही. झोपलेला माणूस आपल्याच झोपेचा साक्षीदार नसतो. मग साक्ष कोणाची घ्यायची?

पहिली साक्ष मेंदूची. १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम नोंदवल्या. १९३७मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस व सहकाऱ्यांनी त्या लहरींवरून झोपेचे पाच टप्पे पाडले. १९५३मध्ये शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलण्याचा टप्पा, म्हणजेच ‘रेम’ झोप, जगासमोर मांडला.

पद्धत अचूक, पण डोक्याला तारा चिकटवून परक्या खोलीत निजणारा धावपटू रोजच्यासारखा थोडाच झोपणार!

म्हणून साक्षीदार बदलला: मनगट. हालचाल नोंदवणारी छोटी उपकरणे १९७०च्या दशकापासून झोपेच्या अभ्यासात आली. हात हलला तर जाग, निश्चल राहिला तर झोप, असा त्यांचा ढोबळ हिशेब. यातली खोट उघड आहे. सामन्याच्या आदल्या रात्री छताकडे पाहत निपचित पडलेला खेळाडू या यंत्राला झोपलेलाच वाटतो.

तरीही याच उपकरणाने दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवल्या. २०११मध्ये शेरी मा यांनी स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्याचे लक्ष्य दिले. धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५वर आली, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता, हे हा प्रयोग उत्साहाने सांगणारे बहुधा विसरतात.

पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये जोनाथन लीडर व सहकाऱ्यांनी ४६ ऑलिंपिक खेळाडू आणि २० सामान्य व्यक्तींची तुलना केली. खेळाडू अंथरुणात अधिक वेळ होते. पण त्यातला झोपेचा वाटा त्यांचा सुमारे ८१ टक्के, इतरांचा सुमारे ८९ टक्के. ‘दहाला दिवे बंद’ या प्रशिक्षकी शिस्तीने आजवर मोजले होते ते अंथरूण, झोप नव्हे.

२०१८मध्ये मॅथ्यू ड्रिलर, शेरी मा आणि शोना हॉलसन यांनी खेळाडूंसाठी १८ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. झोपेच्या वेळा, सवयी, रात्री उशिराचा सराव: विचारायचे पुन्हा खेळाडूलाच.