काळ्या मातीतील वाढीव बांधकामाचा पाया

काळ्या कापसाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या घराला नवी खोली जोडताना तिच्या भिंतींसाठी व तळफरशीसाठी निवडावयाच्या पायाला काळ्या मातीतील वाढीव बांधकामाचा पाया म्हणतात. वर्धा जिल्ह्यात हा नेहमीचा प्रश्न आहे. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या येथील काळ्या मातीचा थर नदीखोऱ्यांच्या सपाट भागात खोल असतो, तर आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांच्या डोंगराळ भागात तो बहुधा उथळ असून खाली लवकर मुरूम लागतो.

मातीचे वर्तन

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे असतात. पावसाळ्यात पाणी शोषून ती फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. ही हालचाल पृष्ठभागाजवळ सर्वाधिक असते आणि भारतीय परिस्थितीत सुमारे ३.५ मीटर खोलीनंतर नगण्य मानली जाते. जुन्या घराखालची माती छपरामुळे झाकलेली असल्याने तिच्यातील ओल फारशी बदलत नाही. शेजारच्या उघड्या जागेतील माती मात्र दरवर्षी वरखाली होते. त्यामुळे बहुतेक भेगा जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यावर पडतात.

पारंपरिक व्यवस्था

मराठी मुलखात वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याची रीत आहे. गावठाण वाढले की घरे पांढरी सोडून काळीत शिरतात. सेवाग्राम येथील १९३६ नंतरच्या आश्रमकुट्यांप्रमाणे मातीच्या भिंती व कौलारू छप्पर असलेली हलकी घरे थोडी हालचाल सोसतात आणि त्यांच्या भेगा लिंपून बुजवता येतात. सिमेंटची भिंत ही सवलत देत नाही.

पायाची निवड

प्रथम खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो हे पाहतात. माती किती फुगते हे मुक्त फुगवटा चाचणीने कळते. मातीचे दोन समान नमुने एक पाण्यात व एक केरोसीनमध्ये २४ तास ठेवून त्यांच्या आकारमानातील फरक मोजतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो नमुना आधार धरला जातो. फरक ५० टक्क्यांहून कमी असल्यास माती सौम्य, तर १०० टक्क्यांपुढे असल्यास ती अतिशय फुगणारी समजतात.

मुरूम एक-दीड मीटरवर लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया थेट मुरुमावर घेणे हाच सर्वांत सरळ उपाय होय. थर खोल असल्यास रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट वापरतात. कंदाचा व्यास खुंटाच्या सुमारे २.५ पट असतो. खुंटांना वरून जोडणारी जोत्याची तुळई मातीपासून ८० मिलिमीटर वर ठेवावी लागते, कारण माती फुगली की ती तुळईला खालून रेटते. एका खोलीसाठी हा खर्च पुष्कळांना जड वाटतो. मात्र उथळ पायावर वाचलेले पैसे अनेकदा पुढे भेगांच्या दुरुस्तीत जातात.

तळफरशी

भिंतींचा पाया खोल असूनही फरशी काळ्या मातीवरच टाकली, तर ती मधोमध उचलली जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या मातीवर टाकलेल्या फरशीला हा धोका अधिक असतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत मांडली. त्यासाठी साधारण एक मीटर जाडी लागते. योग्य प्रतीचा मुरूम यासाठी चालतो. पोकळ वाळूचा भराव मात्र पाणी साठवून ठेवतो. दुसरा पर्याय म्हणजे तुळयांवर टेकलेली व मातीला न भिडणारी स्लॅब.

जुन्या घराशी सांधा

नव्या भिंती जुन्या भिंतीत दात काढून गुंतवू नयेत. दोहोंमध्ये वरपासून खालपर्यंत सलग मोकळा सांधा ठेवून तो लवचीक द्रव्याने भरतात. नवा पाया जुन्यापेक्षा खोल जात असेल तर लगतचे खोदकाम टप्प्याटप्प्याने केले जाते. न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरू न देणे, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उताराची फरसबंदी करणे आणि मोठी झाडे पायापासून दूर ठेवणे ही खबरदारी प्रत्येक प्रकारच्या पायाला लागू पडते.