तिकडच्या शेवया

दिवाळी अंकात इतिहास लिहावयाचा तर तो गडकोटांचा असावा, निदान पेशवाईतल्या पंगतींचा तरी असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. पण मी काही इतिहासाची पदवीधर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढे शाळेत मुलांना शिकविताना आणि कादंबऱ्या लिहिताना जे वाचले, तेवढीच माझी पुंजी. तेव्हा आज लिहिणार आहे ते एका वाडग्याविषयी. पंगतीत न शोभणारा तो वाडगा आमच्या घरात मात्र अठरा वर्षे बोचत राहिला होता.

आम्ही स्वारगेटला राहतो. शहराच्या वेशीवर पूर्वी इथे स्वारांची चौकी असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. २०२४ पासून खालून जमिनीच्या पोटातून मेट्रो धावते, पण आमच्या दृष्टीने स्वारगेट म्हणजे एस. टी. स्टँडच. इथूनच आमच्या माहेरची, साताऱ्याची गाडी सुटते. गेल्या दिवाळीत मी चकलीच्या भाजणीत हात घालून बसले असता कन्येने फर्मान काढले, "आई, फराळ पुरे झाला. भाऊबीजेला आपण कोरियन बीफ नूडल्स करू."

सासूबाईंच्या हातातला झारा कढईवर थांबला. कन्येचाही दोष नाही. रांजणगावात एलजीचा कारखाना, तळेगावात ह्युंदाई. कोरिया आता पुण्याच्या शेजारी येऊन बसला आहे, आणि त्यांच्या मालिका तर घरोघर चालतात. पण मला त्या क्षणी आजोबा आठवले.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. भारताने लढण्यासाठी सैन्य धाडले नाही. धाडले ते ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक. लेफ्टनंट कर्नल रंगराज त्याचे प्रमुख. नोव्हेंबरमध्ये पथक बुसान बंदरात उतरले आणि डिसेंबरात प्याँगयांगहून माघार घ्यायची वेळ आली. वाहने नाहीत, तेव्हा औषधे आणि उपकरणे टाकून निघावे, असा प्रसंग. पण उपकरणांवाचून इस्पितळ कसले? या लोकांनी एक बेवारशी आगगाडी हुडकली, इंजिनाची माहिती असलेल्या जवानांनी ती पेटविली, आणि सारे सामान घालून गाडी नदीपलीकडे आणली. पुढे १९५३ च्या युद्धविरामानंतर युद्धकैद्यांच्या रखवालीसाठी भारताचे दुसरे दल गेले. त्याचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात आपल्या कोल्हापूरकडचे.

आजोबा त्या वैद्यकीय पथकात होते. शिपाईगडीच, जखमी उचलावे, पट्ट्या उकळाव्यात, पाणी तापवावे. पथकाचा एक भाग देगू शहरात होता, तिथे गावच्या लोकांवरही उपचार चालत. एका पोराचा पाय तिथे बरा झाला. त्याची आई एके सकाळी फडक्यात गुंडाळलेला वाडगा घेऊन आली. आत रस्सा, लांब शेवया आणि वर मांसाचे तीन पातळ तुकडे. ते बैलाचे होते, हे आजोबांना समजले. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा! बेंदराला बैलाची पूजा करणाऱ्या घरातला. "काय केलंत मग?" मी विचारी. "खाल्लं," आजोबा म्हणत. "शेवटल्या थेंबापर्यंत. तिच्या घरात त्या दिवशी दुसरं काही नसणार, हे तिच्या मनगटांवरून दिसत होतं."

सुटीवर आल्यावर त्यांनी हे आजीला सांगितले. न सांगते तर निभावले असते. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. आजी भांडली नाही. तिने सणावारी त्यांचे ताट वेगळे मांडावयास सुरुवात केली, एवढेच.

या वाडग्याचा मागोवा मी पुढे पुस्तकांतून घेतला, आणि मोठी मौज दिसली. बैल हा तिथल्या शेतकऱ्याचाही नांगराचाच सोबती. गोर्यो राजवटीत बौद्ध धर्माच्या प्रभावाने मांसाहार मागे पडला होता. तेराव्या शतकात मंगोल आले आणि तो पुन्हा वाढला. त्यानंतरच्या जोसन राजांनी, म्हणजे १३९२ नंतर, बैल मारण्यावर वारंवार बंदी घातली. कारण धर्माचे नव्हे, शेताचे: बैल गेला तर नांगर कोण ओढणार? बंदी असूनही श्रीमंतांच्या ताटात ते मांस पोचेच, आणि गरिबाला ते सणासुदीला तुकड्यातुकड्याने मिळे. तेव्हा त्या माउलीने वाडग्यात घातलेले तीन तुकडे ही तिच्या घरची चैन होती. आपल्याकडे पुरणपोळीवर तुपाची धार धरावी, तसे.

आता शेवयांचे पाहू. चीनमधल्या लाजिया या ठिकाणी मातीखाली उपडा पडलेला एक वाडगा सापडला. त्यात राळ्यासारख्या भरड धान्याच्या शेवया होत्या, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या. २००५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. कोरियात गहू थोडा, म्हणून जुन्या शेवया बहुधा कुट्टूच्या पिठाच्या. लाकडी साच्यातून दाबून त्या थेट उकळत्या पाण्यात सोडीत. साचा म्हणजे आपला सोऱ्याच! कोकणात शिरवाळे करतात ते पाहिलेल्या बाईला यात नवे काही वाटणार नाही. तिकडे लग्नात शेवया वाढतात, कारण लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य. लग्नाच्या वयाच्या मुलाला लोक विचारतात, "काय, शेवया कधी खाऊ घालतोस?" आपण विचारतो, "लाडू कधी?" आणि आपल्या रुखवतातली वळवटे, गव्हले, मालत्या आणि बोटवी, ही तरी दुसरे काय आहेत?

गव्हाच्या शेवयांची तिथे रेलचेल झाली ती युद्धानंतर. देश उद्ध्वस्त, तांदूळ अपुरा, आणि अमेरिकेतून मदतीच्या गव्हाची पोती येऊ लागली. पी. एल. ४८० या कायद्याखाली कोरियाचा करार १९५५ चा, आपला १९५६ चा. जपानात १९५८ साली झटपट शिजणारी शेवई निघाली होती. १९६३ साली साम्यांग कंपनीने ती कोरियात आणली. सरकारचा आग्रह असा की तांदूळ कमी खा, पीठ खा. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात दुसरे धान्य मिसळले आहे की नाही ते पाहत. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी खाणावळीत भात मिळेनासा झाला. हे वाचताना मला लालबहादूर शास्त्रींचा १९६५ चा सोमवार आठवला. सोमवारी संध्याकाळी एक जेवण सोडा, असे त्यांनी सांगितले आणि देशभर चुली थंड राहिल्या. दोन्ही देश एकाच पोत्यातून जेवत होते. त्यांनी त्याची शेवई केली, आपण पोळी.

आमच्या घरात ते पोते आले १९७२ च्या दुष्काळात. आजी खडी फोडावयास जाई. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे, कामावर सुकडी. मिलोची भाकरी थापता थापता तुटे, आणि ही ज्वारी तिकडे जनावरांना घालतात, असे लोक म्हणत. त्या दिवाळीला घरात ना तेल, ना गूळ. आजीने मिलोच्या भाकऱ्या केल्या आणि पाने मांडली. आजोबा सवयीने आपले वेगळे ताट घ्यावयास उठले. तेव्हा आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बसा सगळ्यांत. त्या बाईकडं जे होतं ते तिनं दिलं. आपन तरी आज काय इचारून खातोय?"

आजोबा हे सांगताना दर वेळी इथेच थांबत.

ही हकिकत मी झाऱ्याला आणि कन्येला, दोघींना एकदम सांगितली. मग स्वयंपाकाचा विचार झाला. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे. १९७६ च्या कायद्यात २०१५ पासून बैलही आला. म्हशी-रेड्याचे मांस कायद्याने चालते, पुष्कळ घरांत शिजतेही. आमच्या घरात ते येत नाही. म्हणून बोकडाचे ठरले. पाव किलो मऊ मांसाचे पातळ काप केले. कोरियात त्याला नासपती किसून लावतात, म्हणजे ते लुसलुशीत होते. आपण त्यासाठी कच्ची पपई लावतो, तीच चमचाभर लावली. चार चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ, ठेचलेला लसूण, मिरपूड, तिळाचे तेल. अर्धा तास मुरवून तापल्या तव्यावर भराभर परतले. हाडांचा रस्सा आले-लसूण घालून दोन तास मंद उकळला.

गावाकडच्या हातशेवया आधी टाकून पाहिल्या. त्या केसासारख्या बारीक, रश्शात विरघळून खीर झाली! मग कणीक मीठ घालून घट्ट मळली, तासभर झाकली, आणि चकलीच्या सोऱ्याला शेवेची जाड चकती लावून कन्येने व मी आळीपाळीने जोर लावीत ती उकळत्या पाण्यात पाडली. वर तरंगताच काढून गार पाण्यात धुतल्या. वाडग्यात शेवया, वर रस्सा, मांसाचे काप, कांद्याची पात आणि भाजलेले तीळ.

भाऊबीजेला पहिला वाडगा सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"बोकडाचंच ना?"

"हो, आजी," कन्या म्हणाली.

त्यांनी चमच्याने रस्सा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून शेवया सरळ हातानेच उचलल्या. वाडगा निम्मा झाल्यावर म्हणाल्या, "शेवयांना मीठ जरा कमी पडलंय. पुढच्या वेळी कणीक मी मळीन."