कोणती वायर काढायची? जुन्या मोटारसायकलच्या वायरिंगचा इतिहास

जुनी मोटारसायकल विकत घेणाऱ्याला सर्वांत आधी भीती वाटते ती वायरिंगची. इंजिन उघडले तर भाग दिसतात, कोणता झिजला ते हाताला कळते. हेडलाइटची काच काढली की मात्र आतून तारांचा गुंता बाहेर येतो. काही मूळ तारा, काही कुण्या मिस्त्रीने नंतर जोडलेल्या, काही कुठेच न जाणाऱ्या. मग सल्ला मिळतो, "सगळे फेकून द्या, चार वायरींत काम होते."

सल्ला अगदी चुकीचा नाही. जुन्या गाडीचे वायरिंग खरोखर सोपे करता येते. पण त्या गुंत्यातली प्रत्येक वायर कोणत्या तरी काळातल्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण आज उरली आहे की नाही हे कळले, तरच वायर काढायची की ठेवायची हे ठरवता येते. म्हणून आधी इतिहास पाहू.

वायरिंग नसलेली गाडी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलवर आजच्या अर्थाने वायरिंग नव्हतेच. रात्रीच्या उजेडासाठी कार्बाइडचा दिवा असे. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळे. हॉर्न म्हणजे रबरी फुग्याचा भोंगा. विजेची गरज एकाच कामासाठी होती, इंजिनातल्या ठिणगीसाठी.

ही ठिणगी सुरुवातीला बॅटरी आणि कॉइलवर मिळे. ती बॅटरी गाडीवर चार्ज होत नसे, संपली की प्रवास थांबला. यावर उपाय निघाला जर्मनीत. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी 1887 मध्ये एका जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि 1897 मध्ये तो एका तीनचाकी मोटारगाडीवर बसवला. 1902 मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि आज आपण ओळखतो तो स्पार्क प्लग त्याच्याबरोबर नांदू लागला.

मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे. इंजिन फिरले की तो फिरतो आणि स्वतःची वीज स्वतःच तयार करतो. बॅटरी नको, चार्जिंग नको. इंजिन चालायला प्लगपर्यंत जाणारी एकच जाड वायर पुरते. गंमत अशी की दुसरी वायर लागते ती इंजिन बंद करण्यासाठी. बटण दाबले की मॅग्नेटोची वीज गाडीच्या सांगाड्यात उतरते आणि ठिणगी थांबते. आजही कुणी इग्निशनची वायर समजून या खुंटीला बॅटरी जोडली, तर चांगला मॅग्नेटो बिघडू शकतो.

पहिल्या महायुद्धाने या छोट्या यंत्राचे महत्त्व साऱ्या युरोपला शिकवले. 1914 पर्यंत ब्रिटनमधले बहुतेक मॅग्नेटो जर्मनीहून येत. युद्ध सुरू झाले आणि ट्रक, विमाने, मोटारसायकली यांची ठिणगी शत्रूच्या कारखान्यावर अवलंबून असल्याचे ध्यानात आले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी ताब्यात घेतली.

दिवा आला, तारा आल्या

लुकासचे संस्थापक जोसेफ लुकास हे मुळात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर हातगाडीवरून रॉकेल विकणारे गृहस्थ. पुढे त्यांनी दिवे बनवायला घेतले. त्यांच्या सायकलच्या दिव्याचे नाव होते 'किंग ऑफ द रोड', म्हणजे रस्त्याचा राजा. पुढे याच कंपनीला इंग्रज मोटारसायकलवाल्यांनी थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हटले. या थट्टेकडे पुन्हा येऊ.

1920 च्या दशकात मोटारसायकलवर विजेचा दिवा येऊ लागला. त्यासाठी डायनॅमो हवा, वीज साठवायला बॅटरी हवी. लुकासने मॅग्नेटोच्या डोक्यावर पट्ट्याने डायनॅमो बसवला आणि जोडगोळीला नाव दिले 'मॅगडायनो'. रचना शहाणपणाची होती. खालचा मॅग्नेटो ठिणगी पाहतो, वरचा डायनॅमो दिवे पाहतो. डायनॅमो मेला, बॅटरी संपली, तरी गाडी घरी पोहोचते, फक्त अंधारात.

पण डायनॅमोबरोबर नवे प्रश्न आले. इंजिन मंद असताना बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊ नये म्हणून कटआउट आला. इंजिन जोरात असताना बॅटरी उकळू नये म्हणून रेग्युलेटर आला. वीज आत येते की बाहेर जाते हे कळावे म्हणून हेडलाइटवर अ‍ॅमीटर आला. अ‍ॅमीटर मोजणार म्हणजे बॅटरीची जवळजवळ सगळी वीज त्याच्यातूनच जाणार. त्यामुळे थरथरीने त्याचा एक नट सैल झाला की दिवे एकदम जातात. प्रत्येक तोडग्याने दोन-चार वायरी वाढवल्या आणि त्यांच्याबरोबर सैल होण्याच्या जागाही.

अल्टरनेटरचे युग आणि खरा गुंता

1953 मध्ये ट्रायम्फने आपल्या 'स्पीड ट्विन' या गाडीवरून मॅग्नेटो आणि डायनॅमो दोन्ही काढले आणि एकच अल्टरनेटर बसवला. भाग कमी झाले, खर्च वाचला. पण ठिणगी आणि दिवे यांची जुनी फारकत संपली. आता दोन्ही एकाच बॅटरीच्या जिवावर.

मग कंपनीला पुढची चिंता. त्या काळच्या अल्टरनेटरची वीज रेग्युलेटरने आवरण्याची स्वस्त सोय नव्हती. म्हणून युक्ती अशी केली की अल्टरनेटरमधून तीन वायरी बाहेर काढायच्या आणि दिव्याच्या स्विचनेच आतली वेटोळी जोडायची. दिवे बंद असतील तर थोडी वेटोळी कामाला, हेडलाइट लावला की सगळी. शिवाय बॅटरी उतरली तर किक मारून गाडी सुरू व्हावी म्हणून स्विचवर 'इमर्जन्सी'ची जागा दिली, तिथे अल्टरनेटरची वीज थेट कॉइलला मिळे. हे सगळे एका स्विचच्या पाठीवर. जुन्या मिस्त्रींना घाम फोडणारा गुंता बहुतेक वेळा हाच असतो.

यातच रंगांचा घोळ. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्यामुळे त्यांच्या वायरिंगमध्ये लाल वायर म्हणजे अर्थ. आपल्या डोक्यात मात्र लाल म्हणजे करंट. या एका गैरसमजाने कित्येक रेक्टिफायर जळाले असतील.

1960 च्या दशकाच्या मध्यावर सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट आले आणि जास्तीची वीज उष्णता करून सोडणारा झेनर डायोड आला. वेटोळी जोडण्या-तोडण्याच्या युक्तीचे कारण इथेच संपत आले.

सहावरून बारावर गेल्याने काय साधले, ते साध्या हिशेबाने कळते. तीस वॉटचा दिवा सहा व्होल्टवर पाच अँपिअर खेचतो, बारा व्होल्टवर अडीच. समजा एका गंजलेल्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा आहे. सहा व्होल्टच्या गाडीत तिथे अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. बारा व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्ट, म्हणजे दोन टक्के. आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. आठ टक्के व्होल्टेज गेले की सुमारे पाव प्रकाश जातो.

'अंधाराचा राजपुत्र' या थट्टेचे बरेचसे उत्तर इथे आहे. दोष एकट्या कारखान्याचा नव्हता. सहा व्होल्टची गाडी एकही गंजलेला जोड सहन करत नाही. जुन्या तारांवर रबराचे आवरण आणि वर सुताची वीण असे, ते रबर काही वर्षांत कडक होऊन तडकते. त्यात हेडलाइटची अर्थ कित्येकदा हँडलच्या मानेतल्या ग्रीस भरलेल्या छर्‍यांतून जात असे.

आपल्याकडची गोष्ट

या गाड्या भारतात आल्या त्या आधी ब्रिटिश फौजेबरोबर. महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून बीएसए, नॉर्टन, मॅचलेस लोकांच्या हाती पडल्या. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधली रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया सुरू केली आणि बुलेट इथलीच झाली. 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून चेक बनावटीच्या जावा निघू लागल्या, 1973 पासून त्या येझदी नावाने आल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

कारखाने बंद झाले, मूळ सुटे भाग मिळेनासे झाले, तरी गाड्या धावत राहिल्या. हे काम केले गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियननी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी जा, बसस्टँडच्या मागे बॅटरी-डायनॅमोची एखादी टपरी असते आणि तिथे कुणी चाचा किंवा उस्ताद आर्मेचरला तार गुंडाळताना दिसतो. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे आकड्यांत मांडले. त्या आकड्यांच्या आत अशा टपऱ्याही आहेत.

या मंडळींनी बाहेरच्या पुस्तकाशिवाय वायरिंग सोपे केले. मूळ स्विच मिळत नाही तर ट्रॅक्टरचा बसवला, रेग्युलेटर मिळत नाही तर दुसऱ्या गाडीचा जुळवला. काही कामे अप्रतिम, काही नुसती वेळ मारून नेणारी. पण नकाशा कागदावर क्वचितच उतरला. तो उस्तादच्या डोक्यात राहिला, फार तर शागिर्दाच्या हातात आला. पुढची पिढी मोबाइलच्या दुकानात गेली, तिथे तो तुटला. आज कुणी जुनी गाडी उघडतो तेव्हा त्याला दिसणारा 'गुंता' हा कित्येकदा न लिहिलेला निर्णय असतो.

मग सोपे कसे करायचे?

इतिहास समोर ठेवला की क्रम आपोआप ठरतो.

पहिले, ठिणगी आणि दिवे यांची फारकत. मॅग्नेटोची गाडी असेल तर ती आधीच आहे, तिला हात लावू नका. कॉइलची गाडी असेल तर इग्निशनला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्या, म्हणजे टेललाइटच्या शॉर्टने इंजिन बंद पडणार नाही.

दुसरे, अर्थ. जुन्या काळी सांगाडाच अर्थ होता. आज आपण सांगाड्यावर जाड पावडर कोटिंग करतो आणि ते वीज अडवते. हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, इंजिन यांची प्रत्येकी एक वायर एका ठिकाणी आणून बॅटरीला जोडा. सोपे करताना वायर वाढवण्याची ही एकच जागा आहे, आणि निम्मे आजार इथेच बरे होतात.

तिसरे, अल्टरनेटर. एकच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला की तीन वायरींची युक्ती, झेनर डायोड, जुना रेक्टिफायर, स्विचमागची निम्मी जोडणी, सगळ्याचे काम संपते. तीनपैकी कोणत्या दोन वायरी एकत्र करायच्या हे त्या अल्टरनेटरच्या नकाशावरून पाहा, अंदाजाने नको. नव्या रेग्युलेटरला धन अर्थ चालते की ऋण, हेही आधी वाचा.

चौथे, सहाचे बारा करत असाल तर बॅटरी, बल्ब, हॉर्न आणि कॉइल सगळे बदलावे लागेल. डायनॅमोच्या गाडीला बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतो. लुकासचा साठ वॉटचा डायनॅमो एलईडी दिव्यांना पुरून उरतो.

पाचवे, बॅटरीजवळ फ्यूज. मॅगडायनोच्या कित्येक गाड्यांना तो नव्हताच. मूळ रूपाच्या हट्टापायी गाडी जाळून घेण्यात अर्थ नाही.

अ‍ॅमीटर जागेवर राहू द्या. त्याचे नट घट्ट करा, मागे रबरी टोप्या घाला. काटा चार्जच्या बाजूला गेलेला दिसला की चार्जिंग चालू आहे, हे सांगणारे त्याहून सोपे यंत्र नाही.

कायदा आणि कागद

2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. या यादीत वायरिंगचे नाव नाही. व्यवहार म्हणून ते ठीकच आहे, सुरक्षिततेसाठी तारा बदलाव्याच लागतात. पण याचा अर्थ असाही की गाडीचा जो भाग सर्वांत आधी फेकला जातो, त्याबद्दल कुणी विचारणारही नाही.

म्हणून दोन कामे प्रत्येकाने करावीत. जुने वायरिंग काढण्याआधी त्याचे फोटो घ्या, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा आणि ते पिशवीत जपून ठेवा. नव्या वायरिंगचा नकाशा काढून एक प्रत सीटखाली, एक गाडीच्या कागदांत ठेवा. त्यावर तारीख आणि काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव लिहा. तुमच्या गावात जुन्या गाड्यांचा उस्ताद अजून टपरीवर बसत असेल, तर तो का एखादी वायर अशीच फिरवतो हे त्याला विचारा आणि तेही त्याच कागदावर उतरवून घ्या. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला कोणती वायर कशासाठी आहे हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.