उसाला युरियाची पोती, पण माळावरच्या गवताला नत्र किती? उत्तर दडलंय जुन्या वाळक्या पानांत

इंदापूरहून बावड्याकडे जाताना जिकडेतिकडे ऊस दिसतो. आडसाली उसासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी 400 किलो नत्र. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर 45 किलोची साधारण 19 पोती होतात.

याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीसारखी माळरानंही आहेत. तिथे चिंकारा चरतात, मेंढरं चरतात. त्या गवताला युरिया कोणी घालत नाही.

मग एकाच तालुक्यात शेतात नत्राचा पूर आणि माळावर तुटवडा, असं होऊ शकतं का? जगातल्या काही अभ्यासांनी दाखवलंय की होऊ शकतं. आणि ते ओळखायची एक भन्नाट पद्धत आहे, ती म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वाळवून ठेवलेली पानं.

हवेत 78 टक्के नत्र, मग कमी कसं पडतं?

हवेतलं नत्र बहुतेक झाडांना थेट घेता येत नाही. हरभरा, तूर, ताग यांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू ते मिळवून देतात. बाकीच्या झाडांची भिस्त जमिनीतल्या नत्रावर असते. 1913 साली जर्मनीत हवेतल्या नत्रापासून खत बनवणारा कारखाना सुरू झाला आणि शेतीचं चित्र बदललं. पण हे खत पडतं पिकावर, माळावर नाही.

दुसरीकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय. औद्योगिक क्रांतीआधी तो दहा लाख भागांत 280 होता, आता 420 च्या पुढे गेलाय. त्यामुळे अनेक झाडं जोमाने वाढतात, पण जमिनीतलं नत्र तेवढंच राहतं. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतलं तर वाट्या भरतात, डाळ मात्र वाढत नाही. पानांतल्या नत्राचं तसंच होतं.

वाळकं पान काय सांगतं?

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. प्रत्येक नमुना जाड कागदावर चिकटवलेला असतो आणि सोबत नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. त्यातला काही मिलिग्रॅमचा तुकडा तपासायला पुरतो.

तपासणीत दोन गोष्टी पाहतात. एक, पानात नत्र किती टक्के आहे. दोन, जड नत्र (15) आणि हलकं नत्र (14) यांचं प्रमाण. जमिनीत नत्र मुबलक असलं की हलकं नत्र वायू होऊन किंवा पाण्याबरोबर जास्त निसटतं, जड मागे राहतं आणि तेच पानात उतरतं. म्हणून जड नत्राचं प्रमाण घसरत गेलं, तर जमिनीतला पुरवठा आटत असल्याची ती खूण मानतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या गवताळ प्रदेशातले 1876 ते 2008 या काळातले नमुने असे तपासले गेले. नत्राची उपलब्धता घटल्याचं 2010 साली जाहीर झालं. 2016 साली गोल्डनरॉड या रानफुलाचे 1842 पासूनचे नमुने तपासले, तेव्हा परागातली प्रथिनं जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेली दिसली. मधमाश्यांचं हे हिवाळ्याआधीचं महत्त्वाचं खाद्य.

बावड्याशी याचा काय संबंध?

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचं (स्थापना 1955) हर्बेरियम आहे, आघारकर संशोधन संस्थेचंही आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 दरम्यान प्रसिद्ध केला, तोही अशाच नमुन्यांच्या आधारावर. बारामती-इंदापूरला पाणी देणारा नीरा डावा कालवा 1885 चा. म्हणजे कालवा, ऊस आणि युरिया या तिन्ही टप्प्यांची साक्ष पानांत सापडू शकते.

अमेरिकेचे आकडे इथे तसेच लावता येत नाहीत. ऊस, ज्वारी आणि माळावरची पवन्या, कुसळी ही गवतं अन्न बनवण्याची वेगळी पद्धत वापरतात, त्यांच्यावर कार्बन डायऑक्साइडचा थेट परिणाम कमी होतो. शिवाय शेणखतात जड नत्र जास्त, युरियात कमी. त्यामुळे बांधावरचं गवत आणि माळावरचं गवत एकाच मापाने मोजून चालत नाही. शेंगवर्गीय झाडंही वेगळी धरावी लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

पानातलं नत्र म्हणजेच प्रथिनं. चाऱ्यात प्रथिनं साधारण सात टक्क्यांखाली गेली की जनावराच्या पोटातले जिवाणू नीट काम करत नाहीत. पोट भरतं, पण अंग धरत नाही, दूध उतरत नाही. फटका बसतो तो मेंढपाळाला.

शेतात उलटी अडचण. उसाने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्यापुढे ते तान्ह्या बाळांना धोक्याचं.

म्हणजे शेतात आणखी एक पोतं टाकल्याने माळाची भूक भागत नाही, विहीर मात्र बिघडते. माळावर काय बदललं हे कळायला जुनं पान लागतं आणि त्याच गावचं आजचंही. आज वाळवून ठेवलेल्या गवताच्या काडीवर गाव, तारीख आणि शेजारी ऊस होता की माळ एवढं लिहिलेलं असलं, तर शंभर वर्षांनंतर तीही साक्ष देईल.