गुरुजी, जाऊ का?

मंडळी, 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी विशीत होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली बरोबरीची काही पोरं मिलोची भाकरी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत राहिली. काहींनी मलकापूरहून मुंबईची गाडी धरली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा 1977 साली राज्यात कायदा झाला, 2005 मध्ये देशानंही तसाच केला. पण हमी अंगमेहनतीच्या कामाची होती, शिकलेल्या पोराला नोकरीची नव्हे. म्हणून 'गुरुजी, पुण्याला जाऊ का?' असं विद्यार्थ्यानं विचारलं, की मी 'जा' म्हणायचो. आता पारावर आम्ही म्हातारेच बसतो. माझं चुकलं का? अजून उत्तर सापडत नाही. असो.