बर्डी, दूरदर्शन आणि तीन दांड्या

31 ऑक्टोबर 1987. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर केन रदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड यांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरने 88 चेंडूंत नाबाद 103 धावा ठोकल्या. 108 एकदिवसीय सामन्यांतले त्याचे हे एकमेव शतक. न्यूझीलंडच्या 221 धावा भारताने 32.1 षटकांतच ओलांडल्या.

या मैदानावरून बर्डीवर चालत जाता येते. (सीताबर्डी हे नाव पाट्यांवर, नागपूरकराच्या तोंडी ‘बर्डी’च.) तिकीट न मिळालेल्यांची भिस्त दूरदर्शनवर. ज्याच्या घरी टीव्ही नाही त्याला शेजाऱ्याचे घर, नाहीतर दुकानाच्या काचेआडचा संच. तिथे आवाज ऐकू येत नसे, पण स्कोअर सांगणारा कुणीतरी शेजारी उभा असेच.

त्याआधी धावत्या वर्णनाचे दिवस होते. पानठेल्यावरचा ट्रान्झिस्टर, आणि चेंडू ज्याने त्याने आपापल्या मनात पाहायचा. 1982 मध्ये 15 ऑगस्टला दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले, त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडने रंग आणला, आणि 25 जून 1983 ला लॉर्ड्सवरची अंतिम लढत घरोघरी दिसली. तरीही त्या काळात मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे. एक षटक गोलंदाजाच्या मागून दिसायचे, पुढचे फलंदाजाच्या पाठीमागून. एलबीडब्ल्यूचे अपील झाले की निम्म्या वेळा प्रेक्षकाला काहीच कळत नसे, आणि म्हणूनच वाद रात्री उशिरापर्यंत चालत.

दोन्ही टोकांचे कॅमेरे ही खरी सुधारणा. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या चॅनेल नाइनने ती 1977 पासूनच रुळवली होती. आपल्याकडे ती उपग्रह वाहिन्यांबरोबर 1990 च्या दशकात स्थिरावली. पुढची पायरी नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला आली. टीव्ही रिप्ले पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर होता. 2001 मध्ये हॉक-आय आले आणि चेंडू यष्टीवर गेला असता का, याचे उत्तर पडदाच देऊ लागला. शर्माच्या हॅटट्रिकला यातले काहीच लागले नसते. तिन्ही फलंदाज त्रिफळाचित होते, दांडी पडलेली काचेबाहेरूनही दिसत होती.

त्यानंतरची भर मात्र पाहण्यापेक्षा विकण्याच्या कामाची अधिक. पडदे रुंदावले, चित्र इतके स्वच्छ झाले की खेळपट्टीवरची भेग मोजावी. आता सामना खिशात आला आहे, आणि इथे गंमत आहे: मोबाइलवरचे ‘थेट’ चित्र टीव्हीच्या काही सेकंद मागे धावते. शेजारच्या घरातून आरोळी ऐकू येते तेव्हा मोबाइलवाल्याचा गोलंदाज अजून धावायला लागलेला नसतो. ट्रान्झिस्टरभोवती उभे असलेले सगळे निदान एकाच वेळी ओरडत. तेव्हा ज्याला विकेटचा क्षण विकेटच्याच क्षणी हवा आहे त्याने मोबाइल ठेवून घरातला टीव्ही लावावा, इतपत निकाल द्यायला हरकत नाही.

मैदानही दूर गेले. 2008 पासून कसोटी आणि एकदिवसीय सामने वर्धा रोडवरच्या जामठ्याला होतात. मार्च 2019 मध्ये बर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली. जामठा त्याच्याही पुढे आहे.