तीस वर्षांचा रतीब : पॅरिसचा आत्झे आणि आपल्या चाळी

शहराचे फोटो काढणारी तरुण मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "दादा, कॅमेरा कोणता घेऊ?" मी कॅमेऱ्याचं नाव सांगत नाही, एका माणसाचं सांगतो. युजेन आत्झे.

जन्म १८५७, फ्रान्समधल्या लिबूर्न गावचा. आईवडील लहानपणीच गेले. आधी जहाजावर नोकरी, मग नाटकात किरकोळ भूमिका. तिथंही फारसं जमलं नाही. तिशी उलटल्यावर कॅमेरा हाती घेतला तो पोटापाण्यासाठी. चित्रकारांना संदर्भ म्हणून झाडांचे, दारांचे, नक्षीकामाचे फोटो विकायचे, हा धंदा. दारावरची पाटीसुद्धा साधी, 'कलावंतांसाठी दस्तऐवज' एवढीच.

त्याच्या आधीच्या पिढीत, १८५३ ते १८७० या काळात, बॅरन ओस्माननं रुंद रस्त्यांसाठी पॅरिसच्या जुन्या वस्त्या सपाट केल्या होत्या. उरलंसुरलंही हळूहळू जात होतं. १८९७ च्या सुमारास आत्झेनं हे जुनं पॅरिस टिपायला घेतलं आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं सोडलं नाही. गल्ल्या, जिने, विहिरी, दुकानांच्या पाट्या, फेरीवाले, चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या. आयफेल टॉवर मात्र त्यानं जवळजवळ वगळलाच!

आता कामाची पद्धत बघा. लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा. सगळं ओझं स्वतः वाहायचं. बरेचदा पहाटेच निघायचं, कारण तेव्हा रस्ते मोकळे असतात. इमारत मागं झुकलेली दिसू नये म्हणून कॅमेरा वर वाकवायचा नाही. तो सपाट ठेवून फक्त भिंग वर सरकवायचं. यात कधीकधी फोटोचे वरचे कोपरे काळे पडायचे. पडू देत. भिंत सरळ दिसली पाहिजे. प्लेटवर क्रमांक कोरायचा, फोटोच्या मागं जागेचं नाव लिहायचं आणि अल्बममध्ये लावून ठेवायचं. पुढं हातात मावणारे कॅमेरे बाजारात आले, तरी यानं आपली पद्धत बदलली नाही.

सातत्य म्हणतात ते हे, मंडळी. दूधवाल्याचा रतीब असतो तसं. पाऊस असो, मूड नसो, रतीब चुकत नाही. एखादा झकास फोटो कुणालाही कधीतरी मिळून जातो. पण हजारो फोटोंत भिंत सरळ आणि पत्ता खरा, याला दर्जा म्हणायचं.

याचं मोल त्याला मिळालं का? थोडंफार. पॅरिसची ग्रंथालयं आणि संग्रहालयं त्याच्याकडून फोटो विकत घेत. १९२० मध्ये त्यानं २,६२१ निगेटिव्ह फ्रेंच सरकारला १०,००० फ्रँकना दिल्या. ऑगस्ट १९२७ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं नाव मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. त्यातली एक बेरेनिस ॲबट, तरुण अमेरिकन फोटोग्राफर. घरात राहिलेला साठा तिनं १९२८ मध्ये विकत घेतला आणि पुढं न्यूयॉर्कला नेला. तो १९६८ मध्ये तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पोचला. ॲबट तेवढ्यावर थांबली नाही. मंदीच्या काळात, १९३५ पासून, सरकारी मदतीनं तिनं बदलत्या न्यूयॉर्कचे असेच पद्धतशीर फोटो काढले. त्यांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. म्हणजे एका माणसाची शिस्त दुसऱ्या शहराच्या कामी आली.

बरं, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला आणि दाट वस्त्यांवर हातोडा पडला. पुढं १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. आज वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथं त्याच चाळी जाऊन टॉवर येताहेत. लोकांना चांगलं घर मिळतंय, त्याला माझा विरोध नाही, मिळायलाच हवं. पण चाळ पाडायच्या आधी तिचे जिने, सामायिक नळ, गॅलऱ्या, व्यायामशाळा क्रमवार कुणी टिपल्या का? फोनमध्ये फोटो रग्गड आहेत. बहुतेक सेल्फी, नाहीतर सूर्यास्ताचे. इमारत कुठली, साल कुठलं, काही कळत नाही. उद्या 'इथं मोकळं मैदान होतं' असं सांगायची वेळ आली तर असा फोटो पुराव्याला काय कामाचा?

म्हणून त्या मुलांना माझं सांगणं एवढंच. आहे तो फोन पुरे. आपल्या भागातली एकच गल्ली धरा. वर्षातून दोनदा, त्याच जागेवर, त्याच वेळेला उभे राहा. फोन सरळ धरा. फिल्टर नको. तारीख, पत्ता आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. लाइक्स कमी येतील. येऊ देत.

आणि घरात जुने फोटो असतील तर आजच मागं पेन्सिलीनं जागा आणि साल लिहून ठेवा. आजी-आजोबा सांगायला आहेत, तोवरच.